खालच्या मजल्याला ऐकू न जाणारं भाषण

जगभर गाजलेलं भाषण कुजबुजत म्हणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. टोकियोतल्या आमच्या हिगाशी-कासाईच्या इमारतीतल्या मॅडम. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या नागरी हक्कांसाठी, उघड्या आभाळाखाली, अफाट गर्दीसमोर झालेलं ते स्वप्नांचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं. कल्याणच्या एका ज्युनियर कॉलेजात त्या बारावीला इंग्रजी शिकवायच्या आणि दर वर्षी वर्गात ते खड्या आवाजात म्हणून दाखवायच्या. शेजारच्या वर्गातली मुलं म्हणे हातातली अकाउंटन्सी सोडून कान द्यायची. इथे मात्र त्या सोफ्याच्या कडेला बसून, हातवारे सगळे करून, आवाज तेवढा गिळून ते म्हणायच्या. टीव्ही म्यूट करून बघावा तसं वाटायचं.

आवाज गिळायला कारण होतं. मॅडम जपानात आल्या त्या पहिल्याच महिन्यात इमारतीच्या व्यवस्थापनाने सगळ्यांच्या टपालपेट्यांत एक अतिशय नम्र सूचना टाकली. आवाजाच्या बाबतीत आपण सर्वांनी एकमेकांची काळजी घेऊ या, अशी. नाव कुणाचंच नव्हतं आणि रोख मॅडमवर आहे ते सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये भेटल्या, कमरेत वाकल्या, हसल्या, हवेबद्दल दोन शब्द बोलल्या. "अगं, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं," मॅडम मला म्हणाल्या. "भांडणाला तोंड देता येतं. या वाकण्याला काय उत्तर देऊ?" त्यांनी मिक्सरखाली टॉवेल घातला, घरात जाड मोजे घालायला सुरुवात केली आणि हळू बोलायला लागल्या. पुढे पुढे तर नवऱ्याशीही.

शनिवारी त्या इमारतीतल्या मराठी मुलांना इंग्रजी शिकवायच्या. मुलं कसली, सगळी इथेच वाढलेली बेणी. मराठीत विचारा, जपानीत उत्तर. मॅडम त्यांना ते भाषण शिकवायला बसल्या, तेव्हा माझा ओजस सगळं नीट ऐकून म्हणाला, "मॅडम, त्याच्या खालीपण कोणी राहायचं का?" पोराला वाटलं, ते भाषण मुळातच असं हळू केलेलं असणार. आम्ही पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीत. ओजसच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "नव्हतं रे कोणी. म्हणून तर जमलं त्याला."

दुपारी आम्ही चौघी-पाचजणी बागेतल्या बाकावर जमायचो. मी पुण्यात दातांची डॉक्टर होते. इथे माझी डिग्री चालत नाही, मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. बाकीच्यांच्या कहाण्याही थोड्या फार फरकाने याच. नवऱ्यांची कॉन्ट्रॅक्टं वाढत जायची आणि आम्ही कुरकुरायचो. अगदी मन लावून कुरकुरायचो. मॅडमना ते मुळीच खपायचं नाही. "कुरकुर आणि भाषण यात फरक काय सांगू? काय चुकलंय ते दोन्हीत असतं. पण कुरकुर तिथेच फतकल मारून बसते. भाषण उठतं आणि पुढे काय हवंय ते बोटाने दाखवतं. ते इतकं स्पष्ट दाखवतं, की ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, हे तर मलाही हवं होतं." मी म्हणायचे, "मॅडम, तुम्हाला काय हवंय?" त्या पर्स उघडून सगळ्यांना आवळासुपारी वाटायच्या.

त्यांना काय हवंय हे न सांगताही दिसत होतं. त्यांची बिनपगारी रजा संपत आली होती. जूनमध्ये रुजू व्हा नाहीतर राजीनामा द्या, असं कॉलेजने स्वच्छ कळवलं होतं. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, म्हणजे त्याचंही अडत नव्हतं. आणि त्याच आठवड्यात नाईकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, जेवता जेवता सांगितलं की एक्स्टेंशन मिळालं, अजून एकच वर्ष. हे 'एकच वर्ष' दर वर्षी यायचं. नाईक माणूस अगदी सज्जन. कचरा वेगळा करून ठेवणारा, भांडी घासणारा. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून? "तुम्ही त्यांना सांगा ना," मी चिडून म्हटलं. "सांगते की रोज," मॅडम म्हणाल्या. त्या हे इतक्या हळू म्हणाल्या, की मला पुढे झुकावं लागलं.

त्यांना स्टेशनजवळच्या कराओकेत न्यायची अक्कल माझी. या देशात मनसोक्त ओरडायला भाड्याने खोली मिळते, आणि सकाळी तर तिथे कुत्रं फिरकत नाही. मुलं शाळेत गेल्यावर आम्ही सगळ्या गेलो. खोली जेमतेम, टेबलावर ताल धरायला खुळखुळा, भिंतीवरच्या पडद्यावर कुठल्याशा पोरींचा नाच. "गाणं नको," मी म्हटलं, "भाषण म्हणा." मॅडमनी माईक हातात घेतला, मग तो बाजूला ठेवला. आणि उभ्या राहिल्या.

तो आवाज मी विसरणार नाही. सुरुवातीला फाटला. वापरात नव्हता ना. मग सावरला आणि भरत गेला. ते एकच वाक्य परत परत येतं तिथे मला पहिल्यांदाच कळलं की ते परत येत नाही, दर वेळी एक पायरी वर चढतं. इंग्रजी आम्हाला सगळ्यांना येत होतं, भाषणही शाळेपासून ओळखीचं. तरी आम्ही रडलो. परक्या देशातल्या, परक्या माणसांच्या अन्यायाचं भाषण, आणि आम्ही आपापल्या स्वयंपाकघरांसाठी रडत होतो. याची मला थोडी लाजही वाटली. त्यांनी सोसलं काय, आमचं दुखणं काय! मॅडमना तसं म्हटलं तर म्हणाल्या, "बरोबरी करूच नये. पण ताठ उभं कसं राहायचं, ते कुणाहीकडून शिकावं."

"पण मॅडम, त्या भाषणाने विरोधातले लोक बदलले?" आमच्यातल्या एकीने नाक पुसत विचारलं. "ते कुठले लगेच बदलायला! पण जे भले होते आणि गप्प बसून बघत होते, त्यांना गप्प बसणं अवघड झालं." हे बोलता बोलता त्या थांबल्या. पाण्याचा ग्लास हातात तसाच राहिला. कोण आठवलं असेल ते आम्हाला कळलं.

रविवारी त्या नाईकांना घेऊन त्याच खोलीत गेल्या. नाईकांना वाटलं, बायकोला गायची हौस आली. पुढचं मला मॅडमनीच सांगितलं. त्या आधी घाबरल्या, मग बोलल्या. मराठीत, भरल्या आवाजात. वर्ग कसा दिसतो ते सांगितलं, जूनमधला पहिला तास, मागच्या बाकावरची टवाळ पोरं, खडूची पूड. मला तिथे उभं राहायचंय, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. तुम्ही वाईट आहात, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मध्येच भिंतीवरचा फोन वाजला, वेळ संपत आली म्हणून. नाईकांनी तो उचलून आणखी अर्धा तास मागून घेतला. "वाढवून घ्यायची सवयच आहे तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. नाईक हसायला गेले आणि हुंदकाच आला. म्हणाले, "तुझा आवाज असा होता, हेच मी विसरलो होतो गं."

मे महिन्यात मॅडम गेल्या. एकट्याच. नाईकांचं काम अर्ध्यावर होतं, त्यांना सोडता आलं नाही. विमानतळाच्या बसपाशी नाईकांनी पुन्हा पुन्हा बॅगांचे पट्टे तपासले. मॅडमनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, "तू कोण होतीस पुण्याला?" "दातांची डॉक्टर होते." "होते?" एवढंच म्हणाल्या आणि चढल्या. मला मॅडमची फार आठवण येते. नाईक तर भेटले की दुसरं काही बोलतच नाहीत.

परवा संध्याकाळी माझा नवरा बूट काढता काढता खुशीत म्हणाला, "पुढच्या वर्षाचंही झालं बरं का. घेऊन टाकतो, हो ना?"

"नाही," मी म्हणाले.

एक बूट हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. त्या 'नाही'च्या पुढचं वाक्य मला अजून जमलेलं नाही. तो मात्र रोज, जेवण झालं की खुर्ची ओढून समोर बसतो आणि वाट बघतो.