चालवणाऱ्याच्या बापाला

जिंतूरहून परभणीला जाणाऱ्या एसटीत तो म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. धुतलेलं धोतर, कपाळावर भस्म. सारखा छातीवरच्या खिशातला लिफाफा चाचपत होता. माझ्याजवळ वह्यांचा गठ्ठा पाहून म्हणाला, "मास्तर, इंग्रजी येतं ना तुमाला? एवढं वाचा की."

पत्र विमान कंपनीचं होतं. त्याचा मुलगा आखातात मिस्त्रीकाम करायचा. सहा महिन्यांपूर्वी सुट्टीवर घरी यायला निघाला आणि विमान उडाल्यावर थोड्याच वेळात कोसळलं. गावात सगळे म्हणत, चालवणारा चुकला. पत्रात वेगळंच होतं. मी अडखळत सांगितलं, "बाबा, चालवणाऱ्याची चूक नव्हती. कुणीतरी सामानात बॉम्ब ठेवला होता."

त्यानं समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली. मला वाटलं, आता विचारेल, कुणी ठेवला?

"सा म्हैने झाले, मी त्या चालवनाऱ्याला शिव्या द्यायलोय," तो म्हणाला. "रोज सकाळी, देवापुढं बसून. त्योबी मेलाच की, मास्तर. त्याचाबी बाप असंल."

बोरीचा थांबा आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "त्याच्या बापाला चार वळी लिवता का?"

मी वहीचं पान फाडलं. तो सांगेल तसं लिहीत गेलो. तुमच्या लेकराची चूक न्हवती. मी लय वाईट बोललो. माफी करा. वर 'चालवणाऱ्याच्या बापाला' असं लिहून पत्ता विमान कंपनीचाच घातला, तेच पुढे पोचवतील म्हणून.

"खाली नाव काय लिहू?"

"नाव कशाला?" धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत तो म्हणाला. "त्याच इमानातल्या पोराचा बाप, एवढंच लिवा. त्याला कळंल."