मागं चालणारा हत्ती

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक अजब प्रकार झाला. गावाचं नाव पूर्णा, आणि माझ्या हातातलं एक काम काही केल्या पूर्ण होईना...

रेल्वेतून रिटायर झाल्यावर मला क्रॉस स्टिचचा नाद लागला. हसू नका. मॅटीचं कापड, लाकडी रिंग, रंगीत दोऱ्याच्या लडी आणि मोबाईलवर बघून शिकलेला फुल्यांचा टाका... दुपार कशी जाते कळत नाही. आमची ही आधी नाक मुरडायची, आता निदान चहा तरी जागेवर आणून देते.

त्यात आमची लेक स्वाती बाळंतपणाला आली. मागच्या खेपेला दिवस भरायच्या आतच तिचं बाळ गेलं होतं, त्यामुळे या वेळी सगळेच जपून होतो. हिनं बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. नवं कापड बाळाला टोचतं म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साड्या काढल्या, आणि दुपट्याच्या मधोमध माझा हत्ती लावायचं ठरलं. एवढा मान मला या घरात पहिल्यांदाच मिळाला.

पाय झाले, पोट झालं, कान झाले. गाडी सोंडेपर्यंत आली आणि तिथंच अडकली... सकाळी टाके घालावेत आणि संध्याकाळी रिंग हातात घ्यावी, तर सोंड आखूडच.

आधी वाटलं, कापडाची घरं मोजण्यात चुकतोय. मग वाटलं, डोळे गेले. परभणीला जाऊन तपासून आलो, तर चष्म्याचा नंबर होता तोच. मग मात्र मनात भलतंच आलं... माझ्या वडलांना शेवटी शेवटी आपण जेवलो की नाही, तेही आठवायचं नाही. खरं सांगतो, घाबरलो.

सुटका केली ती तुमच्यापैकीच एकानं. मी इथं ग्रुपवर रोज फोटो टाकतो ना, त्याखाली नोकरीतल्या एका जुन्या सोबत्यानं लिहिलं, "साहेब, हत्ती मागं चालायलाय का?" लागोपाठचे दोन फोटो मोठे करून पाहिले. आदल्या दिवशीची सोंड खरंच लांब होती. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं... पण मग हे करतंय कोण?

पहिला संशय अर्थात हिच्यावर. माझे टाके तिला तिरके वाटतात, हे जगजाहीर आहे. विचारलं तर दुपट्यावरची मान वर न करता म्हणाली, "मला काय दुसरे उद्योग न्हाईत का?" त्यानंतर दोन दिवस चहा जागेवर आला नाही.

मग एका दुपारी बाजाराला निघालो आणि पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. ही शेजारी गेलेली. स्वाती खिडकीपाशी बसली होती, रिंग मांडीवर, आणि सुईच्या टोकानं एकेक फुली उसवत होती. दोरा तोडत नव्हती... निघालेला दोरा नीट गुंडाळून ठेवत होती.

मला बघून दचकलीही नाही. म्हणाली, "मागच्या टायमाला समदं तयार होतं पप्पा. कुंची, दुपटं, पाळणा... काईच राहिलं नव्हतं. आता कायतरी राहू द्या."

पोरगी बीएस्सी झालेली. आमच्या घरात मुहूर्त, दृष्ट, अपशकुन हे सगळं वडलांच्या काळापासून बंद. तिला चार शब्द समजावून सांगावेत की गप्प बसावं, तेच मला समजेना. शेवटी पिशवी उचलली आणि बाजारात गेलो. तिथं गेल्यावर काय आणायचं होतं ते आठवेना.

त्या दिवसापासून सकाळी मी टाके घालायचो आणि दुपारी ती उसवायची. हिच्या दुपट्याचाही एक कोपरा पहिल्यापासून उघडाच होता, हे मला तेव्हा कुठं दिसलं.

पुढं एक दिवस स्वातीला तपासणीसाठी परभणीला नेलं, आणि डॉक्टरांनी तिला तिथंच ठेवून घेतलं. ही तिच्याजवळ थांबली, मी कपडे न्यायला घरी आलो. टेबलावर रिंग तशीच पडलेली... सकाळी घातलेले टाके उसवायचे राहून गेलेले. सोंड पुरी व्हायला जेमतेम चार-दोन फुल्या बाकी.

मी, दाराला लिंबू-मिरची बांधू न देणारा माणूस... कपड्यांची पिशवी बाजूला ठेवली, खाली बसलो आणि सोंड उसवायला लागलो. आपण हे काय करतोय ते कळत नव्हतं, आणि थांबताही येत नव्हतं. निघालेला दोरा मात्र तिच्यासारखाच गुंडाळून ठेवला.

तुम्ही रोज विचारताय, फोटो का नाही, काम कुठपर्यंत आलं... तर दवाखान्यात रात्रंदिवस राबलेल्या सिस्टरांचे आणि फोन करून धीर देणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आधी मनापासून आभार. हत्तीची सोंड अजून अर्धीच आहे. नात मात्र पुऱ्या दिवसांची आलीय.