नलिनीची मानमोडी

अकोट्यातले दत्तात्रेय दिघे सगळी हयात वजनमापं तपासण्याच्या खात्यात होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच काटा बायकोला लावला. दोघांना पाखरांचा भारी नाद. दर रविवारी सकाळी विश्वामित्री नदीकाठच्या झाडोऱ्यात फेरी, सोबत वही. वहीचा नियम एकच: दोघांनीही पाहिलं असेल तेच पाखरू लिहायचं. एकट्याच्या नजरेचा काय भरवसा?

नियम दत्तात्रेयांचा, हे सांगायला नको. तेरा वर्षांपूर्वी, असाच कार्तिक होता, ते चपलेत रुतलेला गोखरूचा काटा काढायला वाकले आणि नेमकी तेव्हाच नलिनीताईंना मानमोडी दिसली. झाडाच्या सालीच्या रंगाची, मुंग्या टिपणारी, सापासारखी मान वळवणारी ही पाहुणी थंडीत उत्तरेकडून येते, पण दोघांनी तोवर कधी पाहिली नव्हती. दत्तात्रेयांनी मान वर केली तर गवत नुसतं हलत होतं.

"लिहा ना," त्या म्हणाल्या.

"मी नाही पाहिली. तुला भास झाला असेल."

झालं, तेवढं एक वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. तोंडातून ब्र काढला नाही, रविवारी यायच्याही थांबल्या नाहीत. पण त्यानंतर आपण होऊन कधी बोट दाखवलं नाही. पाखरू दिसलं तरी नवऱ्याची नजर तिकडे जाईपर्यंत गप्प उभ्या राहायच्या. आणि या शहाण्या माणसाला वाटायचं, बायकोची नजर मंदावली.

गेल्या आषाढात नलिनीताई गेल्या. इस्पितळात शेवटच्या संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "ती मानमोडीच होती हो." दत्तात्रेय म्हणाले, "बरं बरं, पडून राहा." त्या 'बरं बरं'ची आता त्यांना शिसारी येते. दिवाळी झाल्यापासून ते रोज सकाळी त्याच जागी जातात. एकदा मानमोडी डोळ्यांनी बघायची आणि वहीत नलिनीच्या नावावर लिहायची, एवढ्यावर जीव अडकलाय.

"काका, एकला?" झाडोऱ्याच्या फाटकावरच्या राखणदारानं पहिल्या दिवशी गुजरातीत विचारलं होतं. आता तोही विचारत नाही.

एका गुरुवारी ऊन कोवळं होतं. कुर्डूचे तुरे वाळून पांढरे पडलेले, टाकळ्याच्या शेंगा पाय लागला की वाजत होत्या. आघाड्याची कुसळं विजारीला चिकटली, पण ती काढायला ते वाकले नाहीत. आता वाकायची भीती बसलीय. पुढे वारुळाशी काहीतरी हललं. वाळकं पान असेल म्हणून ते सोडून देणार, तोच त्या पानानं मान वळवली.

मानमोडीच होती. दहा पावलांवर, उन्हात, निवांत मुंग्या खात होती.

इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. दत्तात्रेयांचा डावा हात आपोआप मागे गेला आणि ते पुटपुटले, "नलू, ती बघ." तिची नजर पोचली का हे बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे नुसती पायवाट होती. पुन्हा पुढे बघतात तर वारुळापाशी काही नाही.

ते तिथंच मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. "तुला दिसली होती गं," ते म्हणाले. "माझंच चुकलं." खरं तर एवढंच ऐकायला ती बाई इतकी वर्षं त्यांच्या मागून चालत आली होती.