जळक्या ऑइलची शेगडी

बहारीनला थंडी पडते असं सांगितलं की गावाकडची माणसं फोनवर हसतात. हसा म्हणावं. जानेवारीत आमच्या इथल्या जनाबिया गावातल्या घरी चार दिवस राहा, मग हसा. समुद्रावरून येणारं दमट वारं, पायाखाली गार फरशी, आणि घर बांधणाऱ्याने सगळी अक्कल उन्हाळा बाहेर ठेवण्यात खर्च केलेली. आमचा ए.सी. फक्त गार करायचा. गरम करायची वेळ आली की तो नुसता भिंतीवर बसून बघायचा.

त्या जानेवारीत माझ्या सासूबाई मालवणाजवळच्या आमच्या गावाहून व्हिजिट व्हिसावर आल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. मला आठवा महिना होता. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. म्हणून बाळंतपणाला सासूबाई जवळ हव्यात एवढा एकच हट्ट मी धरला होता. हट्ट कसला, भीती होती ती. पहिलटकरीण, परका मुलूख, नवरा दिवसभर गॅरेजमध्ये. कळा सुरू झाल्या तर मी हाक मारायची कोणाला, ए.सी.ला?

आई, म्हणजे माझ्या सासूबाईच, आल्या त्या वाळवंटाच्या तयारीने. पातळ सुती साड्या, घामोळ्यांची पावडर आणि सरबतासाठी ढीगभर कोकमं. विमानतळाच्या दारातच त्यांचे दात वाजायला लागले. घरी आल्यापासून त्या सोफ्यावर. अंगावर दोन ब्लँकेटं, पायात ह्यांचे फुटबॉलचे मोजे, डोक्यात माकडटोपी. मी काय सुनेच्या कर्तव्यात कमी पडते? त्यांनी झाडू हातात घेतला की मी म्हणायची, "आई, तुम्ही बसा." भांड्यांपाशी गेल्या की, "आई, बसा हो तुम्ही. आयुष्यभर राबलात." नारळ खवायला घेतला तरी मी काढून घ्यायची. पाहुणी म्हणून आल्यात, लोक काय म्हणतील? इथे लोक म्हणजे कोण ते विचारू नका.

एका संध्याकाळी आईंनी ब्लँकेटातून तोंड बाहेर काढलं आणि लेकाला जाहीर करून टाकलं, "झिला, माका घराक धाड. हय माजी हाडां गोठतत. तिकीट काढ."

माझ्या हातातलं लाटणं तिथेच थांबलं. आईंचा शब्द म्हणजे शब्द. एकदा 'जातंय' म्हणाल्या की त्या जाणारच. मला तर रडूच यायला लागलं, पण आईंसमोर रडायचं कसं, म्हणून मी कांदा चिरायला घेतला.

हीटर का नाही आणला, असं तुम्ही विचाराल. आणला होता की! आमच्या दोन खोल्या घरमालकांच्या बंगल्यामागच्या, तिथलं वायरिंग त्यांच्या आजोबांच्या वयाचं. हीटर लावला की फ्यूज उडायचा, आणि एकदा तर तो बंगल्याची बत्तीही सोबत घेऊन गेला. मालक स्वतः आले, हात जोडले आणि म्हणाले, "हीटर मफी." म्हणजे नाहीच. विषय खलास.

मग आमच्या ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. ह्यांच्या गॅरेजात गाड्यांचं जळकं ऑइल पिंपात साठवतात आणि अधूनमधून एक टँकर येऊन ते घेऊन जातो. ह्यांनी मोबाइलवर बर्फातल्या कुठल्याशा गोऱ्याचा व्हिडिओ पाहिला. त्याने म्हणे जळक्या ऑइलवर अख्खं घर उबदार ठेवलं होतं.

"त्याच्याकडे एवढा बर्फ," हे मला म्हणाले, "आपल्याकडे तर नुसती थंडी. आपलं काम चुटकीसरशी होणार, इंशाल्ला."

हे 'इंशाल्ला' म्हणाले की मी आधी देवाला हात जोडते. फ्रिज दुरुस्त करतानाही असेच म्हणाले होते, आणि त्या फ्रिजात आम्ही आता चपला ठेवतो.

आठवडाभर खटपट चालली. ट्रकचा ब्रेक ड्रम ही भट्टी. तिच्यावर टांगलेला डबा, डब्यातून तांब्याच्या नळीने थेंब थेंब पडणारं ऑइल, आणि धूर बाहेर न्यायला गाडीचा एक्झॉस्ट पाइप, खिडकीतून अंगणात काढलेला. तोही सायलेन्सरसकट.

"अहो, शेगडीला सायलेन्सर कशाला?"

"आये दुपारची झोपते ना. आवाज नको."

कपाळावर हात मारायचा तरी किती वेळा?

शुक्रवारी सकाळी, सुट्टीचा मुहूर्त धरून, शेगडी पेटवायची ठरली. आईंनी ब्लँकेटातूनच 'थांबा' म्हणून हात वर केला. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे नवी विहीरसुद्धा पाणी देत नाही, शेगडी काय पेटणार! मग ब्रेक ड्रमला हळदकुंकू लागलं. नारळ ठेवला. आईंनी माकडटोपी काढली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! माज्या झिलान ही भट्टी बांधलीहा, ती नीट पेटांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं.

"हय जी थंडी आसा, ती समुद्रापलीकडे जांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पेटली हो! खोटं कशाला बोलू, झकास पेटली. खोली अशी ऊबदार झाली की आईंनी एक ब्लँकेट काढलं आणि चक्क एक मोजासुद्धा. हे तर छाती पुढे काढून उभे. माझा जीव भांड्यात पडला. आता आई राहणार, मनात म्हटलं, माझं बाळंतपण निभावलं.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "जरा मोठी कर रे."

ह्यांनी कॉक फिरवला. डब्याच्या तळाशी कुठून तरी पाणी साठलं होतं, ते उतरलं ब्रेक ड्रममध्ये. फोडणीत ओली मोहरी पडावी तशी तडतड सुरू झाली. ज्वाळा दबली आणि धूर सुटला. आणि सायलेन्सर! तो काजळीने तुंबला, जरा वेळ गुरगुरला आणि मग 'फाट' करून जे काही पोटात होतं ते अंगणात ओकला. उरलेला धूर फिरला घरात. क्षणात मला ह्यांचे फक्त दात दिसत होते.

आई सोफ्यावरून उठल्या. उठल्या कसल्या, उडाल्या! ब्लँकेट एकीकडे, दुसरा मोजा दुसरीकडे. माझं मनगट धरून त्यांनी मला ओढत अंगणात नेलं आणि भिंतीशी उभं केलं. मग परत आत. "मेल्या, घर काळा करून टाकलंस! पोटुशी बायको घरात, आणि तू गाडी पेटवतंस?" खबरदारी म्हणून कोपऱ्यात ठेवलेली वाळूची बादली शेगडीवर रिकामी झाल्याचा आवाज आला, आणि मग बहुतेक ह्यांच्या पाठीवर धपाटा पडल्याचा.

मी अंगणात वळून बघते तर काय, दोरीवर घरमालकांचे थोब वाळत घातलेले. थोब म्हणजे इथल्या पुरुषांचे पायघोळ पांढरे झगे. होते पांढरे. आता त्यांच्यावर जळक्या ऑइलच्या काळ्या ठिपक्यांची रांगोळी निघाली होती. जुम्म्याचा दिवस, मालक थोड्याच वेळात मशिदीला निघणार! बंगल्याचं मागचं दार उघडलं आणि मालकीणबाई बाहेर आल्या.

"शिनू हाधा?" त्यांनी विचारलं. म्हणजे, हे काय? मी बोटाने एक ठिपका पुसायला गेले, तो आणखीच पसरला.

उत्तर आईंनी दिलं. बाहेर आल्या, थोबांकडे बघितलं, पदर खोचला, सगळे झगे दोरीवरून ओढले आणि नळाखाली बसकण मारली. "साबण हाड गो!" साबण आणायचा हुकूम सुटला. मालकीणबाई अरबीत तावातावाने बोलतायत, आई मालवणीत तावातावाने घासतायत. हळूहळू मालकीणबाईंचा आवाज खाली आला. त्या शेजारी उकिडव्या बसल्या, एका डागावर बोट ठेवलं. आईंनी तो घासला. त्यांनी दुसरा दाखवला. मग स्वतःच बाह्या सरसावून एक बाही घासायला घेतली. मालकांनी दारातून डोकावून हे दृश्य पाहिलं आणि निमूटपणे कपाटातला जुना थोब घालून निघून गेले.

थोब वाळत पडले तशा आई घरात शिरल्या आणि भिंतींना भिडल्या. अनवाणी, डोकं उघडं, कपाळावर घाम. हे कोपऱ्यात काळं तोंड घेऊन बसले होते.

"हरलो, आये," हे म्हणाले. "उद्याचं तिकीट काढतो."

मी कांद्याची टोपली शोधायला लागले.

"कसला तिकीट?" आई कडाडल्या. "ह्यो भिंती पुसूक तुजो बापूस येतलो? आणि हिचा बाळंतपण कोण करतलो, तुजो तो गोरो?"

"पण तुला थंडी..."

"वाजतलीच! इल्यापासून माका सोफ्यार बसवून ठेवल्यात. नुसता बसान माणूस थंड पडतलो नाय तर काय!"

मी तिथेच भोकाड पसरलं. कांदाबिंदा काही नाही, सरळ सगळ्यांसमोर, अगदी हुंदके देऊन. आईंनी काळ्या हातांनीच माझे डोळे पुसले, त्यामुळे आता आम्ही तिघंही सारखेच दिसत होतो. मग मला सोफ्यावर ढकललं, माझे पाय वर घेतले आणि पोटावर ब्लँकेट टाकलं.

"बस तू," त्या म्हणाल्या. "झाडूक हात लावलंस तर बघ."

बसले. आई गुणगुणत भिंती घासत होत्या, हे बादल्या भरत होते, आणि मी आपली बसूनच. जेवायच्या वेळेपर्यंत मला अशी काही थंडी भरली म्हणता, की ती माकडटोपी शोधून मीच डोक्यात घातली.