रेंज आहे का, रमाकांतबाब?

रिसेप्शनवर बसणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. पाहुण्यांनी विसरलेले चार्जर आणि पाहुण्यांचे किस्से. चार्जरसाठी कधीतरी फोन येतो. किस्से मात्र कोणी परत मागत नाही!

आमचं रिसॉर्ट गोव्यात, मांद्र्याला. बावीस खोल्या, माडांची बाग, पलीकडे समुद्र. पूर्वी पाहुणा टॅक्सीतून उतरला की विचारायचा, "बीच किती लांब?" आता एक पाय टॅक्सीतच असतो आणि विचारतो, "वायफायचा स्पीड किती?" सुट्टीवर आलेला माणूस काम बरोबर घेऊन येतो. काही जण तर दोन लॅपटॉप आणतात आणि पोहायचे कपडे घरी विसरतात.

मी या लोकांकडे जरा जास्तच बघतो, हे सगळ्या स्टाफला ठाऊक आहे. कारण माझी मुलगी स्नेहल. बंगळुरूला एका कंपनीत आहे, तीन वर्षं चवथीला, म्हणजे गणपतीला, घरी आली नाही. रजा मिळत नाही. बाहेरून काम करायला कंपनीची ना नाही, पण आमचं घर डिचोलीतल्या आमोण्याला, नदीकाठच्या शेतापलीकडे. तिथे मोबाईलची रेंज सोप्यावर, म्हणजे ओट्याच्या एका टोकाला, एक काडी येते आणि वारा आला की तीही जाते. "बाबा, घरा नेट आसतें तर हांव पंदरा दीस येवन रावतलें आशिल्लें," असं ती फोनवर म्हणायची. आणि इथे रोज कुठकुठचे लोक माझ्याकडून पासवर्ड घेऊन, पायाला वाळू लावून काम करताना मी बघायचो. त्या तीन वर्षांत मला सगळ्यात जास्त हेवा कुणाचा वाटला असेल, तर पासवर्ड मागणाऱ्यांच्या आईबापांचा.

*

पुण्याचा एक पाहुणा होता, तिशीतला. ऑफिसात सांगून आला होता की घरूनच काम करतोय. दुपारी साडेचारला बाल्कनीत मीटिंग. मागे पडदा-बिडदा लावून पक्का बंदोबस्त! नेमका तेवढ्यात मागच्या रस्त्यावरून पोदेर आला. सायकलवर पावांची टोपली आणि हातात भोंगा. "पॉं पॉं! पॉं पॉं!"

पाहुण्याने आवाज बंद करेपर्यंत उशीर झाला होता. त्याचा साहेब लंडनला. साहेब कॅमेऱ्याजवळ सरकला. मग म्हणाला, "हा पोदेर आहे. पुण्यात पोदेर कधीपासून यायला लागला?"

पाहुण्याने कबूल केलं. "सॉरी सर, मी गोव्यात आहे."

"सॉरी नंतर म्हण! आधी त्याला थांबव. उंडे आहेत का विचार!"

साहेब मूळचा इथलाच, बार्देशचा, पंचवीस वर्षांत गावी आला नव्हता. पाहुणा लॅपटॉप उघडाच घेऊन अनवाणी फाटकाकडे धावला. पोदेराने एक गरम उंडो, म्हणजे गोल पाव, फोडून कॅमेऱ्यासमोर धरला. मग साहेब आणि पोदेर कोकणीतून दहा मिनिटं बोलले. कुठली भट्टी, कुणाचा मुलगा, पूर्वीसारखी लाकडं घालतात की नाही. मीटिंगमधले बाकीचे अकरा जण निमूटपणे ऐकत होते.

नोकरी गेली असणार असं समजून पाहुणा संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसला. तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातून पुढच्या सहा दिवसांचं मीटिंगचं आमंत्रण होतं. वेळ साडेचार. विषय, पोदेर. हजेरी सक्तीची!

*

आमच्याकडे एकेकाळी चांगलं नेट एकाच ठिकाणी यायचं. धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीत. कारण राउटर तिथेच बसवलेला.

दिल्लीच्या एका बाईंची प्रमोशनची मुलाखत होती. त्यांच्या खोलीत चित्र अडकत होतं. मी त्यांना चादरींच्या खोलीत बसवलं. मागे पांढरे टॉवेल रचलेले, एकदम ऑफिसची भिंत वाटावी असे! फक्त एक चूक झाली. हाउसकीपिंगची शालन आत टॉवेल मोजत होती. बाईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि मुलाखत सुरू झाली. शालन हातात चाळीस टॉवेल घेऊन दाराआड उभी राहिली. खाली ठेवले तर आवाज होईल, म्हणून एक तास तशीच!

मुलाखत संपली. बाईंना प्रमोशन मिळालं. त्यांनी आनंदाने शालनला टॉवेलसकट मिठी मारली.

शालन पेडण्याची. ती अशी सहज सोडते थोडीच! म्हणाली, "बरें जालें मॅडम. आतां रमाकांतबाबांक विचारा, म्हजें प्रमोशन केन्ना?"

मी तिला सुपरवायझर करा म्हणून दोनदा लिहून दिलं होतं, हे त्या बाईंना कुठे माहीत? पण जाताना त्यांनी आमच्या मालकांना चार ओळी लिहिल्या. शालन आज सुपरवायझर आहे. टॉवेल अजून स्वतःच मोजते.

*

नऊ नंबरमध्ये एक जोडपं होतं. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आलेलं. नवरा तीन दिवस खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेला. बायको एकटी समुद्रावर जायची, एकटी जेवायची.

तिसऱ्या संध्याकाळी ती रेस्टॉरंटच्या फोनवरून मला म्हणाली, "नऊ नंबर जोडून द्या."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचीच खोली."

"माहीत आहे. तो माझा मोबाईल उचलत नाही. रिसेप्शनचा उचलेल."

मी जोडून दिला. फोन ठेवायला मला किंचित उशीर झाला, हे कबूल करतो. ती म्हणाली, "सूर्य बुडतोय. येतोस?"

तो म्हणाला, "फोटो पाठव ना."

तिने फोटो काढला नाही. दोन चहा मागवले आणि दोन्ही स्वतःच प्यायली. हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

*

मारुती आमचा इलेक्ट्रिशियन. कोल्हापूरकडचा, चंदगडचा. त्याच्या हाताखालून गेलेली तार पुन्हा कधी हलत नाही. पण त्या दिवशी माडावर पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, चढला होता. शहाळी पाडता पाडता त्याने असा कोयता मारला की घोस आणि फायबर दोन्ही खाली!

पाच मिनिटांत सगळ्या खोल्यांची दारं उघडली. चार दिवस शेजारी राहिलेले लोक एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते. "रेंज आहे का, रमाकांतबाब?" हा जप सुरू झाला. मी सांगितलं, दोन तास लागतील. थोडा वेळ सगळे हात बांधून उभे राहिले. मग एकजण शहाळं प्यायला बसला. दुसरा त्याच्या शेजारी बसला. तासाभराने सगळे पाण्यात होते, आणि एका मोठ्या कंपनीचा अतिशय गंभीर माणूस पाडेलीकडून माडावर चढायला शिकत होता!

मारुतीने काम उरकून सांगितलं, "सायेब, नेट आलं बगा."

त्या गंभीर माणसाचा चेहरा पडला. "इतक्या लवकर कशाला जोडलंत?"

मारुती माझ्या कानाशी लागला. "पुढल्या शनवारी परत नारळ पाडूया काय?"

मी हसलो खरा, पण मनात तेच नेहमीचं चाललं होतं. मारुती तार जोडतो तेव्हा जग जोडलं जातं, आणि माझं घर तेवढं सुटलेलं.

त्याला ते कळलं असावं. म्हणाला, "सायेब, तुमच्या घरापतोर पोलच न्हाईत म्हनं. मग आपुन उभं करू की."

*

मी राहतो रिसॉर्टच्या स्टाफ खोलीत. सुट्टीच्या दिवशी म्हापशाला बस बदलून आमोण्याला जातो. घरी बायको सुनंदा एकटीच. त्या पावसाळ्याआधी मारुती सलग तीन सुट्ट्यांना माझ्याबरोबर आला. केबलवाल्याने आधी कानांवर हात ठेवले होते. शेतातून तार नेणार कशी? मारुतीने पोफळीचे जुने खांब बांधावर उभे केले, एकामागून एक, थेट आमच्या सोप्यापर्यंत. मग केबलवाला नाही म्हणेना. राउटर बसला बाहेरच्या खोलीत, जिथे आम्ही गणपती बसवतो त्याच कोपऱ्यात.

मी स्नेहलला फोन केला. तिचा विश्वास बसेना. "स्पीडाचो फोटो धाड पळोवया," म्हणाली. मी फोटो पाठवला. अर्धा तास गेला. मग एक फोटो आला. तिकिटाचा. चवथीच्या पाच दिवस आधीचा!

मी तो फोटो मारुतीला दाखवला. त्याने चष्मा पुसून बघितला आणि म्हणाला, "बायली, माजा पोल कामाला आला."

मी त्याला सुट्टीवर गावी जाताना पोदेराचे उंडे बांधून दिले. दुसरं काय द्यायचं सुचेना.

*

स्नेहल आली. मीही रजा टाकून घरी गेलो. आणि मग कळलं की आमच्या घरातही एक नऊ नंबर तयार झाला आहे!

सकाळी नऊला खोलीचं दार बंद. आत इंग्रजी बोलणं. सुनंदा चहा घेऊन दाराशी उभी राही, हाताने खूण होई, चहा बाहेरच निवे. जेवायला बसली तरी एक कान फोनमध्ये. तीन दिवसांत माझ्या वाट्याला तिची जेमतेम दहा वाक्यं आली, त्यातली चार पासवर्डबद्दल. तीन वर्षं वाट बघितलेली पोर भिंतीपलीकडे होती आणि मला तिची आठवण येत होती. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

चवथीच्या आदला दिवस. माटोळी बांधायची होती. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला सुपाऱ्यांचे घोस, चिबूड, आंबाडे, रानातली फळं बांधायची. हे काम पूर्वी मी आणि स्नेहल करायचो. ती लहानपणी स्टुलावर उभी राहायची आणि मी फळं द्यायचो. गेली तीन वर्षं मी एकट्याने बांधली होती. त्या दिवशी तिची अकराला मोठी मीटिंग होती, म्हणून मी तिला विचारलंच नाही.

साडेदहाला दार उघडलं. "बाबा, नेट गेलां!"

मी बाहेरच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात वाकून बघितलं. फायबर ठीक, खांब ठीक. राउटरचा प्लग मात्र बोर्डातून निघून जमिनीवर पडला होता. वर सुनंदाने लावलेली दिव्यांची माळ लुकलुकत होती. माळेसाठी तिनेच प्लग काढला, हे उघड होतं. उचलून लावला असता की संपलं!

इतकी वर्षं रिसेप्शनवर बसलो, पण नेटबद्दल पाहुण्याशी मी कधी खोटं बोललो नाही. दोन तास म्हणजे दोन तास. त्या दिवशी मी प्लग हातात घेतला, परत खाली ठेवला आणि वळून म्हणालो, "फायबर तुटला गो शेतांत. डिचोलीचो मनीस येवपाक सांज जातली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सोप्याच्या टोकाला जाऊन एका काडीच्या रेंजवर कुणाशी तरी बोलली. "हांवें सांगलें ऑफिसाक," म्हणत परत आली. केस वर बांधले आणि स्टूल ओढलं. "खंय तो चिबूड? दी हांगा."

गाठ मारायला ती विसरली होती. फळं बांधायची केवणीची साल तिच्या हातातून निसटायची. मी खालून सांगत होतो, ती वरून हसत होती. बंगळुरूच्या खोलीबद्दल बोलली, तिथे तिला झोप लागत नाही हे बोलली. कंपनी बदलावी का, हे तिने मला विचारलं. मला! दुपारी आईबरोबर नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, मुरड घालत बसली आणि कुणाची मुरड बरी यावरून दोघींचं भांडण झालं. ते भांडण ऐकत मी सोप्यावर नुसता बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही. संध्याकाळी कुणाचं लक्ष नसताना मी प्लग लावला.

दीड दिवसांनी गणपती पोचवला. मी तिला म्हापशाला बसवर सोडायला गेलो. मीटिंग बुडाल्यामुळे ती बोलणी खाणार, हा विचार डोक्यातून जाईना. खरं सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं. पण तिन्ही वेळा मी तिच्या पिशवीचा बंद नीट केला, आणि बस सुटली.

घरी आलो तर सुनंदा माटोळीची फळं उतरवत होती. मला राहवेना. म्हटलं, "त्या दिवशी नेट गेलंच नव्हतं. तू दिव्यांच्या माळेसाठी राउटरचा प्लग काढलास, तो मी मुद्दाम परत लावला नाही."

सुनंदाने हातातला चिबूड खाली ठेवला.

"हांवें? हांवें खंय काडलो? माळ रांदपघरांतल्या बोर्डाक लायल्या, वायर पळयात ती खिडकींतल्यान आयल्या. तुमच्या त्या राउटराक हांवें हात सुद्धां लावंक ना!"

मी खिडकीकडे बघितलं. वायर तिथूनच, स्वयंपाकघरातून आली होती.

त्या सकाळी घरात आम्ही तिघंच होतो.