चिठ्ठ्या न टाकता पेरलेलं रान

ज्वारीच्या प्रयोगांवर मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा मला सरासरीचं भलतंच वेड होतं. सोलापुरात नवी पेठेतल्या खोलीत बसून मी खिडकीवरच्या चिमण्यांचीसुद्धा सरासरी काढत असे. साहेबांनी त्यापुढचं शिकवलं. आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते बघायचं, आणि मग विचारायचं, दोन बियाण्यांतला हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असता का? विसांतून एखाद्या वेळीही पडणार नसेल, तरच बियाणं सरस म्हणायचं.

मंद्रूपला एका शेतकऱ्याच्या रानात बारा पट्टे आखले. सहांत नवी ज्वारी, सहांत त्यांची घरची. कुठे कुठली, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, असा साहेबांचा सक्त हुकूम. पण दर पट्ट्याला तिफण थांबवून बियाणं बदलायचं म्हणजे कटकट, त्यात ऊन मी म्हणत होतं. मी ओढ्याकडचे सहाही पट्टे नव्या बियाण्याला देऊन टाकले आणि वहीत लिहिलं, 'चिठ्ठ्या टाकल्या.'

सुगीला नवी ज्वारी अशी काही आली, की मी गणित तीनदा केलं. योगायोग नव्हेच! साहेबांनी पाठ थोपटली. शेतकऱ्याची बायको सासूच्या वेळेपासूनचं बियाणं राखेत घालून मडक्यात जपत असे. तिने विचारलं, "ह्ये आता ठिवायचं का दळायचं?"

"दळा की!" मी रुबाबात म्हणालो.

त्याच दुपारी गावाबाहेर मोटारीची वाट बघत होतो. एक म्हातारा धनगर शेजारी टेकला.

"ओढ्याच्या अंगाला लई पिकलं म्हणं. पिकंल की! उन्हाळ्यात आमची मेंढरं तितंच बसली हुती. वरच्या अंगाला न्हाय, तितं दगडं लई."

ओढ्याकडचे सहाही पट्टे नव्या बियाण्याचे होते. मेंढरं बसलेल्या रानात लेंड्यांचं खत मुरतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तर ते खत दोन्ही बियाण्यांच्या वाट्याला आलं असतं. परत गावात जाऊन 'दळू नका' म्हणायला दहा मिनिटं लागली असती. पण वहीतलं खोटं उघडं पडलं असतं, नोकरी गेली असती. मोटार आली, मी चढलो. नवं बियाणं खरंच चांगलं असेलही, अशी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या साली पावसाने ओढ दिली. त्या शेतकऱ्याने सगळ्या रानात नवी ज्वारी पेरली होती. ती गुडघाभर वाढून करपली. शेजारच्या रानात जुन्या ज्वारीने निदान कणसं तरी धरली होती. मी बांधावर मान खाली घालून उभा होतो. बाई तांब्याभर पाणी घेऊन आली.

"तुमी कशाला जिवाला लावून घेताय? नशिबाचा खेळ हाय. बियाणं काय, शेजारणीकडनं मागून आणीन की मूठभर."

नशीब कुठलं आणि नशीब नव्हे कुठलं, एवढंच तर मी शिकलो होतो. ते तिला सांगायचं धैर्य त्या दिवशीही झालं नाही. मी तिच्या हातचं पाणी प्यालो.