रूथमावशींचं तिकीट

वळणावर गाडीचं इंजिन दिसलं की रूथमावशी पायातल्या चपला काढून पिशवीत टाकायच्या. एकदा दारातल्या रेटारेटीत त्यांची एक चप्पल रुळांत पडली होती, आणि त्या दिवशी त्यांनी सगळी शाळा अनवाणी झाडली होती. तेव्हापासून रोज अनवाणीच चढायच्या. "माजं हाड मोडलं तर बसंल पुन्हा. चप्पल कोन देनार?" म्हणायच्या.

मावशी नगरला एका शाळेत आया होत्या. मी भिंगारच्या खानावळीत पोळ्या लाटते. आमचं स्टेशन म्हणजे एक तिकिटाची खिडकी, एक बाकडं आणि एक कडुनिंब. सकाळी दोन गाड्या थांबायच्या. त्यांतली सातची बंद झाली, 'तात्पुरती बंद' अशी पाटी लागली. त्या पाटीवरचा रंग उडाला, पण गाडी काही आली नाही. उरली आठची. ती बेलापूरहूनच खच्चून भरून येते. आत हात वर केला तर खाली घेता येत नाही. डब्यात शिरताना मावशी ओरडायच्या, "सरका गं बायांनो! देवानं बूड दिलंय, खुर्ची न्हाई दिली!" बायका हसायच्या आणि तेवढ्यात चार बोटं जागा व्हायची.

पण आठच्या गाडीनं शाळेची घंटा चुकायची. मोठ्या बाईंनी मावशींना दोनदा बजावलं. मग मावशींनी मला धरलं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण अक्षर बरं आहे. "लिही गं. तुजं तोंड बंद असलं तरी हात चालतोय," म्हणाल्या. बाकड्यावर बसून मी सातच्या गाडीसाठी अर्ज लिहिला. तीस बायकांनी सह्या आणि अंगठे दिले.

तो घेऊन आम्ही दोघी नगरच्या रेल्वेच्या साहेबांकडे गेलो. दोन तास बाहेर बसवलं. मग साहेबांनी एक कागद काढला. "तुमच्या स्टेशनवरून रोज पाच-सहा तिकिटं जातात. तीस बायका कुठून आल्या? उलट आठचा थांबाही काढायचं चाललंय."

"साहेब, आमी पासवाल्या हाये."

"पास कुठला?"

मावशींनी पास पुढे केला. बेलापूर ते नगर.

आमच्या खिडकीवर पास मिळत नाही, तो बेलापूरला जाऊनच काढावा लागतो. आणि बेलापूरपासूनचाच काढा, थोडेच पैसे जास्त पडतात पण रविवारी बाजारालाही जाता येतं, ही अक्कल मावशींचीच. सगळ्या बायकांनी ती उचलली. म्हणजे कागदावर आम्ही सगळ्या बेलापूरला चढत होतो, आणि आमच्या स्टेशनवर शुकशुकाट होता!

परतीच्या वाटेवर मावशी तो पास उलटसुलट करून बघत होत्या. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर खिडकीपाशी पहिल्या उभ्या. पास पिशवीत, तरी नगरचं तिकीट हातात. एकेका बाईला गाठून सांगत होत्या, "चूक माजी हाय. पन आता हितलं तिकीट काढा. न्हाई तर हाय ती गाडी बी जाईल."

"तुमच्या शहाणपनाचं आमी का भरायचं, मावशी?" एक जण फटकन म्हणाली. तिचंही खरंच होतं. रोजचं तिकीट कुणाला परवडतं? पण कुरकुरत का होईना, दहा-बारा जणी काढू लागल्या. मीही.

पुढं एका सोमवारी मावशींना दारातून मागं लोटलं गेलं. मी आत चेंगरलेली. गाडी हलली. त्या फलाटावर अनवाणी, हात वर करून ओरडत होत्या, "तिकीट हाय माज्याकडं! मोजा मला!" दारातली पोरं हसली. मला ओरडावंसं वाटलं, साखळी ओढावीशी वाटली. मी काहीच केलं नाही.

त्या दिवशी त्यांची नोकरी गेली.

तरी त्या रोज आठच्या आत स्टेशनवर यायच्या, तिकीट काढायच्या आणि बाकड्यावर बसायच्या. मी म्हटलं, "मावशी, आता कशाला?"

"अगं, मी चढत न्हाई, तेवढीच तुमाला जागा. आन कागदावर एक बाई वाढती."

थांबा अजून आहे. त्यांच्यामुळे की त्या साहेबांची बदली झाली म्हणून, कोण जाणे. सातची गाडी मात्र बंद ती बंदच. मावशी गेल्या पावसाळ्यात तापानं गेल्या. दफनाला निम्म्या बायका आल्याच नाहीत, आठच्या गाडीत अडकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी मी म्हटलं, "दोन द्या."

"दुसरं कुनाचं?" खिडकीतल्या माणसानं विचारलं. मागं रांग होती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि माझे कान तापले.

"रूथमावशींचं," मी म्हणाले, मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्यानं. "मोजा त्यांना."